थैली कापडाची, पोटात पन्न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आठवडी बाजारातून परतलेल्या कुणाचीही कापडी थैली घरी ओतून पाहा. थैली एक आणि तिच्या पोटात आठ-दहा पन्न्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशव्या. मिरच्यांची वेगळी, अद्रक-लसणाची वेगळी, सांबाराची (कोथिंबिरीची), टमाटरांची, पोह्यांची, तिखटाची, शेवेची. घरून थैली नेण्याची सवय लोकांना बऱ्यापैकी लागली, हे कबूल. पन्नी मात्र गेली नाही, थैलीच्या आत जाऊन बसली. दुकानदाराने पिशवीचे पैसे घ्यावेत की नाही यावर जो वाद चालतो तो सगळा बाहेरच्या पिशवीवर चालतो. आम्ही बाजारासाठी थैल्या शिवणाऱ्या बाया आहोत, म्हणून आतल्या पन्नीबद्दल लिहितो आहोत.

आधी कायद्याचं थोडक्यात. राज्य सरकारची प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 ची. अंमलबजावणी 23 जून 2018 पासून सुरू झाली. दंड पहिल्या वेळी 5 हजार, दुसऱ्या वेळी 10 हजार, तिसऱ्या वेळी 25 हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. बंदाची, म्हणजे धरायला पट्टा असलेली पिशवी आणि बिनबंदाची पिशवी, दोन्ही त्यात आल्या. बाजारात हमखास ऐकू येतं, "ही 120 मायक्रॉनची आहे, चालते." 120 मायक्रॉन जाडीची अट केंद्राच्या नियमातली, 31 डिसेंबर 2022 पासूनची. राज्याच्या 2018 च्या अधिसूचनेने पिशव्या बंद करताना जाडीची सूट ठेवली नव्हती. शिवाय सांबाराच्या जुडीला जी पन्नी मिळते ती फुंकर मारली तरी उडते, तिथे 120 मायक्रॉनचा विषयच नाही. बोरा अंथरून भाजी विकायला बसलेल्या बाईच्या गल्ल्यात दिवसाकाठी 5 हजार जमत नाहीत. तिने पन्नी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या बोऱ्यावर जातं. दंडाची भीती आणि गिऱ्हाईक जाण्याची भीती यांत दुसरी रोजची असते.

पिशवीला पैसे लावले की वापर घटतो, यात शंका नाही. आयर्लंडने 2002 मध्ये प्लास्टिकच्या पिशवीमागे 15 सेंट कर लावला आणि वापर नव्वद टक्क्यांहून जास्त उतरला. पण सुट्ट्या भाज्या, फळं, मटण, मासळी यांच्या लहान पिशव्यांना त्या करातून सूट होती. आपल्याकडे नेमकं तेच मोकळं रान आहे.

तालुक्याच्या मोठ्या दुकानात आता बिलाच्या वेळी पिशवीचे दहा-पंधरा रुपये लावतात. लावा, पण आधी सांगून. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की पिशवीला पैसे पडणार हे ग्राहकाला खरेदी सुरू करण्याआधी कळलं पाहिजे, आयत्या वेळी काउंटरवर लादणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून दारावरच पिशवीची किंमत लिहिलेला फलक हवा, बिलात तिची ओळ वेगळी हवी, आणि ग्राहकाची रिकामी थैली दारावर अडवून ठेवू नये. थैली दाराशी, माणूस आत, आणि बिलाच्या वेळी "पिशवी देऊ का?" हे बरोबर नाही. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

आणि ती दहा-पंधराची पिशवी कापडाचीच आहे, हे कशावरून? बऱ्याच वेळा ती नॉन-वोव्हन असते. रंगीत, मऊ, अंगावर बारीक टिपक्यांची नक्षी. दिसते कापडासारखी, असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच. ओळखायला सोपी. कडेचा एक धागा काढून पाहा. विणलेल्या कापडातून उभा किंवा आडवा धागा सरळ निघतो, हिच्यातून नुसता पिंजलेला तुसा निघतो. तुसा चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते. प्लास्टिक असेल तर आक्रसतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. केंद्राच्या नियमाप्रमाणे अशी पिशवी किमान 60 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 60 ग्रॅम वजनाच्या कापडाची हवी. हलकी असली तर दोन-चार बाजारांत बंदाच्या मुळाशी फाटते, आणि उन्हात टांगून ठेवली तर हाताला भुगा लागतो.

सुती थैली घेतली म्हणजे आपण सुटलो असंही नाही. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये हिशोब मांडला होता. हवामानावरच्या भाराचा विचार केला तर एकदाच वापरून फेकलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला यायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला काय लागतं हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. आठवड्याला एक बाजार धरला तर 131 वेळा म्हणजे अडीच वर्षं. थैली तितकी टिकली पाहिजे. म्हणजे गोष्ट शिवणीवर येते.

सव्वा मीटर कोऱ्या मांजरपाटात दोन थैल्या होतात. कापड कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री मारायची. कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं. 36 इंचांचा पन्हा (कापडाची रुंदी) 34-35 वर येतो. न भिजवता शिवलेली थैली पहिल्या धुण्यात चुरगळून बसते आणि बंद एकीकडे ओढतो. भिजवलेल्या कापडाचे पन्ह्याच्या दिशेने 17-17 इंचांचे दोन तुकडे काढायचे. उरलेल्यातून 3 इंच रुंदीच्या चार पट्ट्या. पट्टी चौपदरी दुमडली की पाऊण इंचाचा बंद होतो. लांबी 24 इंच पुरते, म्हणजे थैली हातात धरता येते आणि दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला खांद्यालाही अडकवता येते. पट्टीचं जे 10 इंच टोक उरतं ते फेकू नका, बंदाच्या मुळाशी आतून अस्तर म्हणून लावा. थैली फाटते ती तिथेच. बंद एकेरी कापडावर दोन टीप मारून सोडला की पाच किलो आलूंनी तो कापडाचा तुकडा घेऊन निघून येतो. वरची काठ दीड इंच दुमडून, त्या दुमडीत बंद घालून, चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारायची. तळाला जोड ठेवायचाच नाही, कापड मधून घडी करून तळ करायचा. कडेच्या शिवणी आधी उलट बाजूने, मग सुलट बाजूने मारल्या की आतले दोरे झाकले जातात. नाहीतर त्या दोऱ्यांत डाळीचा चुरा अडकतो आणि मागाहून सोंडे दिसतात.

आता आतली पन्नी. यावर आमच्या मते सगळ्यात चालणारी गोष्ट म्हणजे कप्प्यांची थैली. थैलीच्या आतल्या दोन्ही बाजूंना 8 इंच उंचीची एकेक पट्टी, मधोमध टीप, झाले चार कप्पे. पण पट्टी थैलीएवढीच रुंद घेतली तर कप्पा सपाट बसतो आणि पाव किलो मिरच्याही त्यात मावत नाहीत. बऱ्याच ठिकाणी कप्प्यांच्या थैल्या शिवल्या गेल्या आणि लोकांनी कप्पे वापरले नाहीत, त्याचं कारण एवढंच. पट्टी 17 ऐवजी 21 इंच घ्या आणि प्रत्येक कप्प्याच्या तळाशी 2 इंचांची चूण द्या. एका कप्प्यात मिरच्या, एकात अद्रक-लसण, एकात निंबू, एकात सांबार देठ खाली करून. मोठ्या पोटात खाली आलू-कांदे, मग वांगे, टमाटर सगळ्यांत शेवटी. टमाटर शेवटी घ्यायचे म्हणजे बाजारात फिरण्याचा क्रम बदलावा लागतो, आणि हे सवयीनेच होतं.

डाळ-तांदळाला जुन्या सुती लुगड्याच्या किंवा धोतराच्या 8 बाय 10 इंची नाडीच्या थैल्या पुरतात, कापड दुहेरी घेतलं तर. पॉलिस्टरच्या साडीच्या करू नका. कापड निसरडं, शिवण उसवते. बेसन, तिखट, हळद पातळ कापडातून झिरपते, त्याला डबाच बरा. दही, मटण, मासोळी यांना तर डबाच. पूर्वी मटण पळसाच्या किंवा सागाच्या पानात बांधून मिळायचं, अजूनही पानं रानात आहेत. पण पान घरापर्यंत टिकतं, एसटीत तासभर नाही.

कागदी पुडीबद्दल जरा जपून. वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागू नये असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) सांगितलं आहे. तेव्हा भजी, चिवडा, ओली भाजी त्यात नको. आपल्या दैनिकानेही हे एकदा ठळक छापावं, अंक विकत घेणाऱ्यांपैकी बरेच जण शेवटी त्याची पुडीच करतात! कोऱ्या कागदाच्या पुड्या करताना खळीत मोरचूद टाकण्याची बुकबाइंडरची पद्धत वापरू नका. ते झुरळ-कसर लागू नये म्हणून असतं आणि ते विष आहे.

तसंच खताच्या चुंगडीचं (पोत्याचं). युरियाची चुंगडी धुऊन बाजाराची थैली शिवलेली गावोगाव दिसते. मजबूत असते हे खरं, पण शिवणीतलं खत एका धुण्याने जात नाही. खाण्याची वस्तू तिच्यात नको. कापूस वेचायलाही नको. तिचे प्लास्टिकचे धागे रुईत जातात, आणि पुढे कापड रंगवलं की तो धागा रंग धरत नाही.

दुकानदारांची एक तक्रार रास्त आहे: प्रत्येकाची थैली वेगळी, वजन कसं करायचं? आमची कप्प्यांची थैली शंभर-सव्वाशे ग्रॅम भरते. 120 रुपये किलोच्या डाळीत थैलीसकट वजन केलं तर गिऱ्हाईक 12 ते 15 रुपये जास्त देतं. उपाय काट्यावरच आहे. रिकामी थैली काट्यावर ठेवायची, "टेअर" लिहिलेलं बटण दाबायचं, आकडा शून्य झाला की माल टाकायचा. दांडीच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात तशीच रिकामी थैली टाकायची. ग्राहकांनी काटा शून्यावर आला का हे बघावं. थैली काट्यावरून उचलली की आकडा उणे दिसतो, त्याने घाबरू नये.

थैली महिन्यातून एकदा उलटी करून धुवा आणि कडक उन्हात उलटीच वाळवा. पावसाळ्यात ओलसर घडी करून ठेवली की काळे ठिपके पडतात, ते मग जात नाहीत.

राहिला तो माणूस जो तहसीलच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाला आला आणि जाताना बाजार करून निघाला. त्याच्याकडे थैली नसते, आणि पन्नी मुख्यतः त्याच्यामुळे चालते. जुन्या माणसांच्या खांद्यावर दुपट्टा असे, त्यात सगळा बाजार बांधला जाई. आता त्याच्यासाठी ठेवीची थैली हवी. बाजाराच्या तोंडाशी एक टेबल. ठेव द्या, थैली घ्या. पुढच्या बाजारी थैली परत करा, ठेव परत घ्या. गिऱ्हाईक विकत घेतंय असं नाही, आणि फुकटही नाही.

यात चूक ठेव ठरवताना होते. थैलीला लागत 40 रुपये येत असेल आणि ठेव 10 ठेवली, तर थैल्या परत येत नाहीत आणि महिन्याभरात टेबल बंद पडतं. ठेव लागतीइतकीच ठेवा. थैली नाही आली तर ती विकली गेली असं समजायचं, नुकसान नाही. दुसरी चूक, थैल्या कमी शिवणं. एका बाजाराला 100 जात असतील तर 300 लागतात. एक खेप गिऱ्हाइकांच्या घरी, एक पुढच्या बाजारी न येणाऱ्यांच्या घरी, एक धुण्यात. ठेवीचे पैसे वेगळ्या डब्यात, विक्रीच्या गल्ल्यात मिसळले की परत द्यायच्या वेळी कमी पडतात. टेबलाची जागा ग्रामपंचायतीने बाजार वसुलीच्या ठेक्यातच बिनपैशाची म्हणून लिहून घ्यावी. नाहीतर ठेकेदार दर आठवड्याला पावती फाडतो आणि दोष त्याचाही नाही, त्याने लिलावात पैसे मोजलेले असतात.

2018 च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परतीची किंमत छापायची अट होती. ते आठ आणे परत घेतलेला माणूस खेड्यात शोधावा लागेल. कारण पिशवी परत घेणारं टेबल कुठेच नव्हतं. म्हणून टेबल आधी, दंडाची पावती मागून, असं आमचं म्हणणं आहे.

थैली फाटून परत आली तर काय, हे लोक विचारतात. बंद निघाला असेल किंवा शिवण उसवली असेल तर ठेव पूर्ण परत, कारण ती चूक शिवणाऱ्याची. उंदराने कुरतडली असेल तर अर्धी. दुचाकीच्या सायलेन्सरला लागून जळाली असेल तर काही नाही, आणि अशा सगळ्यांत जास्त येतात.

आपल्या,
थैल्या शिवणाऱ्या बचत गटाच्या सदस्या,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ