नकाराचा छापील नमुना

व्हर्जिनिया बीच
15 मार्च 2025

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप परवा मिळाला. कोविडची लस नको म्हणाले म्हणून काढलेल्या फौजींना इकडचं, अमेरिकेचं सरकार पगाराच्या थकबाकीसकट परत बोलावतंय, हे खरं का, असं तू विचारलंस; आणि पुढे तुझी ती खास पुस्ती: "फौजेत 'नाही' म्हणायची सोय कधीपासून झाली?" फोनवर सांगायला गेलो असतो, तर तू मध्येच तुझ्या फौजी दिवसांतलं बेळगावचं ट्रेनिंग सेंटर काढलं असतंस आणि मूळ विषय राहिला असता बाजूला. म्हणून हे पत्र. चष्मा लावून बस, लांबणार आहे.

बातमी खरी आहे. ट्रम्प यांनी 27 जानेवारी 2025 ला तसा आदेश काढला. केवळ लस नाकारल्याबद्दल ज्यांना काढलं, त्यांना यायचं असेल तर जुना हुद्दा आणि मधल्या काळाचा पगार. काढलेल्यांची संख्या 8 हजारांच्या वर आहे. त्यातले सगळेच धर्माचं नाव सांगून अडले होते असं नाही, पण खरी लढाई झाली ती धर्माच्या नावावर मागितलेल्या सवलतीची. मला तुला तीच सांगायची आहे.

24 ऑगस्ट 2021 ला तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी सगळ्या सैनिकांना कोविडची लस सक्तीची केली. फायझरच्या लसीला आदल्याच दिवशी पूर्ण मान्यता मिळाली होती. हुकूम मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. 2020 च्या मार्चमध्ये 'थिओडोर रूझवेल्ट' या विमानवाहू जहाजावर साथ शिरली. हजाराहून जास्त खलाशी बाधित झाले, एक दगावला, आणि एवढं अजस्र जहाज ग्वामच्या धक्क्याला अडकून पडलं. एकावर एक बंक, एकच मेस, खाली उतरायला रस्ता नाही. तिथे 'माझं मी बघतो' चालत नाही, हे तुला काय सांगायचं! इकडच्या फौजेला सक्ती नवीनही नव्हती. 1777 साली मॉरिसटाउनच्या छावणीत जॉर्ज वॉशिंग्टनने सगळ्या सैन्याला देवी टोचून घ्यायला लावल्या. तेव्हा जेनरने शोधलेली देवीची लस निघालीही नव्हती. रोग्याच्या फोडातलाच द्रव टोचायचे आणि त्यातही काहीजण दगावत.

आता दुसरी बाजू. 1986 साली इथे एक खटला गाजला होता. हवाई दलातल्या गोल्डमन नावाच्या ज्यू अधिकाऱ्याला गणवेशात डोक्यावर आपली धार्मिक टोपी घालायची होती. सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती नाकारली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून परवानगी देऊन टाकली. मग 1993 साली आणखी मोठा कायदा आला. त्याचं सार असं, की सरकारी नियम एखाद्याच्या श्रद्धेवर मोठा भार टाकत असेल, तर सरकारने दोन गोष्टी सिद्ध करायच्या: हेतू अत्यंत निकडीचा आहे, आणि तो साधायला याहून सौम्य मार्ग नाही. हे प्रत्येक माणसापुरतं वेगळं तपासायचं. हा कायदा फौजेलाही लागू आहे.

म्हणजे कागदावर दार उघडं होतं. सैनिकाने अर्ज करायचा, पलटणीच्या धर्मगुरूने (तुमच्याकडे पंडितजी, इकडे चॅप्लन) त्याच्याशी बोलून श्रद्धा मनापासूनची आहे का ते लिहून द्यायचं, मग वरिष्ठांनी निर्णय घ्यायचा. प्रत्यक्षात काय चाललं होतं, ते टेक्सासच्या कोर्टात बाहेर आलं. नौदलाच्या विशेष पथकांतली 35 माणसं, त्यांत बहुतेक सील कमांडो, कोर्टात गेली होती. 3 जानेवारी 2022 ला न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी त्यांच्यावर कारवाई करायला नौदलाला हंगामी मनाई केली. निकालात त्यांनी नौदलाची कार्यपद्धतीच मांडली आहे. अर्ज निकाली काढायच्या एकूण 50 पायऱ्या. पहिल्या 15 पायऱ्यांमध्ये कारकुनाने काय करायचं? नकाराचा छापील नमुना घ्यायचा आणि त्यात अर्जदाराचं नाव-हुद्दा भरायचा. अर्ज वाचायची पायरी त्यानंतर! चॅप्लन म्हणतोय माणूस खरा आहे, आणि इकडे नकार आधीच टाईप होऊन तयार.

हवाई दलाची गोष्ट याहून वेगळी नाही. साधारण 10 हजार धार्मिक अर्ज, मंजूर सुमारे 135, आणि तेही फक्त अशांचे ज्यांची नोकरी सोडायची आधीच ठरली होती. वैद्यकीय आणि प्रशासकीय कारणांच्या सवलती मात्र हजारोंनी दिल्या. शेवटी संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकाने 2022 च्या जूनमध्ये मंत्र्यांना लिहिलं, की नकारांचा वेग बघता एका अर्जाला सरासरी 12 मिनिटं मिळाली असावीत. कुणाची 18 वर्षांची नोकरी असेल, पेन्शनला दोन वर्षं उरली असतील, त्याचा निकाल 12 मिनिटांत. तू गॅसचं कनेक्शन बदलायला गेलास तरी जास्त वेळ लागतो.

माझ्या ऑफिसात नौदलातून निवृत्त झालेला एक म्हातारा आहे, पक्का बाप्टिस्ट ख्रिश्चन. तो या लस नाकारणाऱ्यांवर भयंकर चिडतो. "आम्हाला रांगेत उभं करून दोन्ही दंडांत बंदुकीसारख्या यंत्राने टोचलं. तेव्हा कुणाला देव आठवला नाही!" त्याचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा. बहुतेक अर्जदारांची तक्रार गर्भपेशींची होती. अनेक दशकांपूर्वीच्या गर्भपातातून मिळालेल्या पेशींचे वंश प्रयोगशाळांत वाढवत आलेत. फायझर आणि मॉडर्नाने ते चाचणीत वापरले, जॉन्सन अँड जॉन्सनने थेट उत्पादनात. पण रुबेलाची लसही तशाच पेशींवर बनते, आणि भरती होताना ती यांतल्या बऱ्याच जणांनी मुकाट घेतली असणार. व्हॅटिकनने तर डिसेंबर 2020 मध्येच सांगून टाकलं होतं, की दुसरा पर्याय नसेल तर या लसी घ्यायला नैतिक हरकत नाही. गंमत म्हणजे आपली कोविशील्डही अशाच एका वंशाच्या पेशींवर वाढवलेली, एचईके-293 नावाच्या. हडपसरला बनली आणि तू-मी-वहिनी सगळ्यांच्या दंडात गेली. आपल्या देवळांत त्यावरून कुणी ब्र काढल्याचं मला तरी आठवत नाही.

तरी मी त्या म्हाताऱ्याशी भांडतो. कायदा श्रद्धा खरी आहे का विचारतो, ती तर्काला धरून आहे का हे नाही. फौजेतल्या कॅथलिकांचे आर्चबिशप ब्रोग्लिओ यांनी लस घ्यायला हरकत नाही असं सांगितलं, आणि तरीही सदसद्विवेकाविरुद्ध कुणावर ती लादू नये असंही म्हटलं. अर्जदारांत ढोंगी किती होते आणि खरे किती, हे शोधायचं काम त्या 50 पायऱ्यांचं होतं. ते केलंच नाही, म्हणून ढोंगी आणि खरे एकाच नमुन्यात भरले गेले. मला राग आहे तो यावर. सूट द्यायची नव्हती तर संसदेत जाऊन कायदा बदलून घ्यायचा, उघड सांगायचं की साथीच्या काळात सूट नाही. मी पाठिंबा दिला असता.

मार्च 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने मधला मार्ग काढला: मनाई राहू दे, पण कुणाला कुठल्या मोहिमेवर पाठवायचं ते नौदल ठरवेल. न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांचं म्हणणं, कोर्टाने स्वतःला हुकमांच्या साखळीत घुसवू नये. त्याच सुमारास फ्लोरिडाच्या कोर्टाने एका विनाशिकेच्या लस न घेतलेल्या कप्तानाला संरक्षण दिलं, तेव्हा नौदल म्हणालं, याच्यावर आमचा भरवसा नाही, हा कप्तान असेपर्यंत जहाज मोहिमेवर पाठवता येत नाही. म्हणजे न्यायाधीशाच्या कागदावर युद्धनौका बांधून ठेवलेली! हे वाचताना मी पुन्हा फौजेच्या बाजूचा झालो होतो, कबूल.

पुढे संसदेनेच डिसेंबर 2022 मध्ये सक्ती उठवायला लावली, जानेवारीत ती उठली, आणि बहुतेक खटले निरर्थक ठरले. मूळ प्रश्नावर सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द झालाच नाही. पुढची साथ आली की पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे घटनेच्या कलम 33 ने संसदेला फौजींचे मूलभूत हक्क आखडायची मुभा दिलीय. 2016 साली हवाई दलातल्या मुस्लिम जवानाला दाढी ठेवायची होती, तेव्हा सुप्रीम कोर्टाने शिस्तीच्या बाजूने कौल दिला. लसीचाही एक खटला झाला: जामनगरच्या तळावरच्या हवाई दलाच्या जवानाने 2021 मध्ये गुजरात हायकोर्ट गाठलं. पण त्याचं कारण धर्म नव्हतं.

आता तुझी पाळी. तुझ्या 24 वर्षांच्या नोकरीत एखाद्या जवानाने देवाधर्माचं कारण सांगून कमांडिंग ऑफिसर साहेबांपुढे हुकूम नाकारलाय का? आणि साहेबांनी काय केलं? खरंखुरं लिही, सुभेदारी थाटात नको.

गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरतंय ते कळव. वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा,
विनू