'अचानक' कसला, अडीच तास आधी दिसत होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोमवारच्या अंकात तुम्ही स्वारगेटच्या पावसाचा फोटो छापलात आणि खाली नेहमीची ओळ, 'अचानक आलेल्या पावसाने नागरिकांची तारांबळ'. त्या फोटोत डावीकडे हॉटेलच्या आत टेबलापाशी चहा पीत बसलेला टोपीवाला म्हातारा दिसतोय ना, तो मी. माझी काही तारांबळ वगैरे झालेली नव्हती. कारण दुपारी दोनला बायकोने गच्चीवरच्या कुरडया उलट्या करायला पाठवलं तेव्हाच हडपसरच्या बाजूला फ्लॉवरचा गड्डा फुगावा तसा ढग वर चढताना मी बघितला होता. कुरडया उलट्या न करता सरळ गोळा करून खाली आणल्या, त्यावरून घरात थोडं ऐकूनही घेतलं. साडेचारला स्वारगेटला धो धो. मधे अडीच तास होते हो! याला अचानक कसं म्हणायचं?

हे ढग बघायचं वेड मला पासष्टीनंतर लागलं, मागच्या मे महिन्यात भाच्याकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा. तो ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन गावात राहतो, सगळा सपाट मुलूख, डोंगर नावाला नाही. गेल्यावर पहिल्याच शनिवारी दुपारी बाराला गावभर भोंगा वाजला, मी चपला शोधायला लागलो तर भाचा म्हणे मामा बसा, टेस्टिंग आहे, दर शनिवारी असतं. वादळांचा अंदाज देणारं त्यांचं मोठं केंद्र, स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, त्याच गावात आहे. ते रोज देशाचा नकाशा काढतात आणि धोक्याच्या पाच पायऱ्या दाखवतात, मार्जिनल, स्लाइट, एनहान्स्ड, मॉडरेट आणि हाय. एक दिवस आमच्या पश्चिमेला तिसरी पायरी होती, भाच्याने रजा टाकली आणि म्हणाला चला मामा, आज वादळाच्या मागे जाऊ. बहिणीला फोनवर सांगितलं नाही, ते बरंच झालं.

बाराला निघालो. वाटेत एल रेनो नावाचं गाव लागलं तिथे हा एकदम गप्प झाला. ३१ मे २०१३ ला तिथे जो टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, झाला त्याची रुंदी चार किलोमीटरच्या वर गेली होती आणि त्यात टिम समारास हा टोर्नेडोच्या वाटेत यंत्रं ठेवणारा मुरलेला संशोधक, त्याचा मुलगा आणि सहकारी असे तिघंही गेले. एवढी जाणती माणसं. भाचा म्हणाला म्हणून आपण ढगाच्या पोटात घुसायचं नाही, ढग सहसा ईशान्येकडे सरकतात तर आपण आग्नेयेला राहायचं आणि पळायला दक्षिणेचा रस्ता कायम मोकळा ठेवायचा.

मग एल्क सिटीला एका पेट्रोल पंपावर तीन तास नुसते बसलो. वादळाचा पाठलाग म्हणजे काय तर वाट बघणं आणि वेफर्स खाणं, हे कोणी सांगत नाही. तेवढ्यात भाच्याने मला सगळं समजावलं. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट वारा येतो, पश्चिमेच्या पठारावरून कोरडा, ते भिडतात ती रेघ म्हणजे ड्रायलाइन. पण वरती गरम हवेचा थर कुकरच्या झाकणासारखा बसलेला असतो, तो टिकला तर काहीच होत नाही, घरी या. आणि दुपारी उन्हाने खालची हवा तापून ते झाकण फोडलं की मग वाफ सुटल्यासारखा ढग सुटतो. वादळाच्या सूचनेसाठी त्यांच्याकडे वॉच आणि वॉर्निंग असे दोन शब्द आहेत, माझ्या डोक्यात ते असे बसले की वॉच म्हणजे भज्यांचं पीठ भिजवून तयार आहे, वॉर्निंग म्हणजे घाणा तेलात पडला. पंपावरच्या कॅशियर बाईलासुद्धा हा फरक पाठ होता, तिने आम्हाला खिडकीतून बोटाने ढग दाखवला.

पाचच्या सुमारास झाकण फुटलं. तासाभरात ढगाचा माथा वर जाऊन चपटा पसरला, लोहाराच्या ऐरणीसारखा. आणि खालचा अख्खा ढग हळूहळू गोल फिरत होता, जात्यासारखा. उंचीप्रमाणे वाऱ्याची दिशा आणि जोर बदलतो म्हणून तो फिरतो म्हणे, सुपरसेल म्हणतात त्याला. मी आयुष्यात इतकी मोठी वस्तू हलताना बघितली नाही. टोर्नेडो झाला नाही, बहुतेक वेळा होतच नाही, पण लिंबाएवढ्या गारा मात्र पडल्या आणि गाडीच्या बॉनेटला नऊ पोचे आले, मी मोजले. साडेपाचशे किलोमीटर फिरून रात्री घरी.

आता मुद्द्याचं. पुण्यात टोर्नेडो येईल असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण वळवाचं साहित्य तेच आहे, दमट हवा, तापलेली जमीन, दुपारची वेळ. मान्सून आपल्याकडे पश्चिमेकडून येतो पण वळीव बहुतेकदा पूर्वेकडून चढतो, म्हणजे बघायचं कुठे तेही ठरलेलं. आणि पाऊस यायच्या आधी जो गार वारा सुटतो, ज्याला आपण 'आहाहा' म्हणतो, तो ढगातून कोसळलेल्या गार हवेचा लोट असतो, तो पावसाच्या पुढे धावतो आणि झाडं, पत्रे, होर्डिंग पाडतो तोच. पिंपरी-चिंचवडकडे किवळ्याला १७ एप्रिल २०२३ ला वारा-पाऊस चुकवायला आडोशाला थांबलेल्या लोकांवर होर्डिंग कोसळलं, पाच जण गेले. विजेचंही तसंच, चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीन सेकंदाला एक किलोमीटर धरा, तीस सेकंदाच्या आत आवाज आला तर झाडाखाली नाही, पक्क्या छताखाली जायचं.

आणि गंमत बघा, शिवाजीनगरला हवामान खात्याचं शिमला ऑफिस आपल्या गावात, विजेची सूचना देणारं दामिनी अ‍ॅप बनवलं ते पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने, हवामान खातं पुढच्या तीन तासांचा अंदाजही देतं, आणि आपण फोन वाजला की बोटाने बाजूला सारतो. तुमच्या पहिल्या पानावरच्या चौकटीत काय असतं? कमाल, किमान, सूर्योदय, सूर्यास्त. ते कमाल-किमान बघून आजवर कोणी काही वेगळं केलंय का? एप्रिल-मेपुरतं तरी त्या चौकटीत गडगडाटी पावसाचा इशारा, पिवळा का नारिंगी, आणि 'दुपारी दोननंतर पूर्वेकडे बघा' एवढी एक ओळ छापा.

आमच्या बिल्डिंगमधल्या बायका हल्ली वाळवण घालायच्या आधी मला विचारायला येतात, जिन्यातच गाठतात. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं नव्हतं, त्यांचे सांडगे गेले.

आपला,
एक जुना वाचक, सहकारनगर, पुणे