कादंबरीतल्या शेतकऱ्याला हिशेब करता यावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवोदित कादंबरीकारांनी मुख्य पात्रे कशी उभी करावीत याविषयी मार्गदर्शन करणारा लेख वाचला. पात्राचे बालपण, सवयी, भीती, स्वप्ने यांची टिपणे आधी करून ठेवावीत ही त्यातली सूचना योग्यच आहे. मात्र नायकाचे दुःख जितके गडद रंगवावे तितका तो वाचकाला खरा वाटतो, असा जो सूर लेखाच्या उत्तरार्धात लागला आहे, तो मला पटला नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावाची कादंबरी लिहीत आहे आणि ते काम करताना जे ध्यानात येत गेले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा पत्रप्रपंच.

वऱ्हाडातला कापूस उत्पादक कादंबरीत येतो तेव्हा बहुधा पहिल्याच पानावर तो आभाळाकडे पाहत असतो, आणि शेवटच्या पानावर त्याचे काय होणार हे वाचकाला तेव्हाच कळलेले असते. मधल्या सगळ्या पानांत त्याच्यावर पाऊस कोपतो, सावकार कोपतो, बँक आणि सरकार कोपते; तो स्वतः मात्र काहीच करत नाही. शेतकरी आत्महत्यांचे वास्तव नाकारण्याचा येथे प्रश्नच नाही. २००६ मध्ये खुद्द पंतप्रधानांना विदर्भात येऊन ६ जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करावे लागले होते, इतके ते उघड आहे. परंतु त्या वास्तवाने आम्हा लिहिणाऱ्यांच्या हाती एक आयता शेवट दिला, आणि शेवट आयता मिळाल्यावर त्याच्याआधीचा माणूस घडवण्याचे कष्ट फारसे कोणी घेईनासे झाले. पुण्या-मुंबईकडच्या परीक्षणांत अशा नायकाला 'प्रातिनिधिक' म्हणतात. आमच्या गावात असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

जो भेटतो तो सतत हिशेब करणारा असतो. धूळपेरणी करावी की मृगाच्या पावसाची वाट पाहावी, पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, तुरीच्या ओळी किती टाकाव्यात, यंदा सोयाबीन वाढवावे का, सालदार ठेवावा की रोजंदारीवर भागवावे, शेवटच्या वेच्यानंतर पऱ्हाटी उपटावी की बोंडअळीचा धोका पत्करून फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढचे पीक, ठेवावी, असे कितीतरी निर्णय तो अर्धवट माहितीवर घेतो आणि त्यांची जबाबदारी मनातल्या मनात वाहतो. त्यांतले काही चुकतात, पण ज्या दिवशी घेतले त्या दिवशी ते शहाणपणाचेच होते, हे वाचकाला पटवता आले पाहिजे. मुख्य पात्र खरे वाटण्याची माझी कसोटी हीच आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण २०२२-२३ च्या हंगामाचे आहे. त्याच्या आदल्या हंगामात कापसाने क्विंटलला १०,००० रुपयांचा पल्ला ओलांडला होता आणि ज्यांनी दिवाळीपूर्वी माल विकला ते वर्षभर हळहळत होते. पुढच्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,३८० रुपये होता आणि बाजारातला भाव सुरुवातीला त्याहून बराच वर होता. तरीही अनेकांनी कापूस विकला नाही. तो घरात भरून ठेवला, माजघरात, ओसरीत, जागा मिळेल तिथे, आणि मुलेबाळे त्याच्यावरच झोपू लागली. साठवलेल्या कापसाने घरोघर अंगाला खाज सुटली, त्याच्या बातम्या आपल्यासारख्या वृत्तपत्रांतूनच आल्या होत्या. भाव मात्र चढायचा तो घसरत गेला. आता या घरातल्या कर्त्या माणसाकडे कादंबरीकाराने कसे पाहावे? त्याला निव्वळ बाजारपेठेचा बळी म्हटले की गोष्ट संपली. प्रत्यक्षात तो त्या हिवाळ्यात अडत्याइतकाच पक्का सट्टेबाज झालेला असतो. गेल्या वर्षीची चूक यंदा दुरुस्त करून घ्यायची ही ईर्षा त्याच्यात असते, शेजाऱ्याने आधी विकू नये म्हणून तो त्याच्याशी खोटे बोलतो, आणि मोबाइलवर आलेला कुठल्यातरी दूरच्या बाजार समितीचा भाव रोज रात्री बायकोला वाचून दाखवतो. तो म्हणतो, "आणखी पंधरा दिस थांबू, भाव चढून रायला." ती एवढेच विचारते, "पोरीची फी थांबन काय?" माझ्या मते या दोन वाक्यांत दोन्ही माणसे जितकी उभी राहतात, तितकी त्यांच्या बालपणावर चार प्रकरणे लिहूनही उभी राहणार नाहीत.

नायकाला थोडी लबाडी करू द्यावी, हे मी आग्रहाने म्हणेन. तणनाशक सहन करणारे जे कापूस बियाणे आमच्याकडे 'चोर बीटी' या नावाने मिळते, त्याच्या लागवडीला परवानगी नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून कायदेभंग केला, तो याच बंदीविरुद्ध होता. हे पाकीट विकत घेणारा शेतकरी काय करत आहे हे त्याला नीट ठाऊक असते. ऐन निंदणाच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून तो ते घेतो. पावती मिळत नाही, त्यामुळे बियाणे उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार? शिवाय त्याच्या या निर्णयाने शेजारच्या बाईची निंदणाची मजुरी बुडते, आणि वेचणीच्या वेळी तिच्याच दारात त्याला जावे लागते. कायदा, गरज, धूर्तपणा आणि शेजारधर्म एका पाकिटात असे एकत्र आलेले असताना कादंबरीकाराला खलनायक बाहेरून आणण्याची गरज काय?

खलनायकाचा विषय निघालाच आहे तर कृषी केंद्रवाल्याविषयीही लिहितो. आमच्या लेखनात तो नेहमी जाडजूड, पान खाणारा आणि निर्दय असतो. खरा दुकानदार उधारीवर बियाणे, खते, औषधे देतो, दराची कसर त्यात वसूल करून घेतो, हंगाम संपल्यावर वसुलीसाठी चकरा मारतो. आणि त्याच वेळी वरच्या वितरकाचे पैसे थकल्याने त्याचीही झोप उडालेली असते. मार्चअखेर पीककर्जाचे नवे-जुने, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलणे, करायचे असते तेव्हा नायक आठ दिवसांसाठी पैसे कोणाकडे मागतो, मेहुण्याकडे, दुकानदाराकडे की गावात गुपचूप व्याजाने पैसे लावणाऱ्याकडे, आणि कोणाकडे कधीच मागणार नाही, हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे. 'कधीच मागणार नाही' असे जे नाव असते, त्याच्याभोवती त्या माणसाचा सगळा जुना इतिहास गुंडाळलेला असतो. तो इतिहास कादंबरीत सांगितला नाही तरी चालेल.

बोलीबद्दल थोडक्यात. सगळी पात्रे सारखीच 'रायलो-रायला' करू लागली की बोली हा नुसता वेष होतो. माझा नायक घरात वऱ्हाडी बोलतो, बँकेत गेला की "साहेब, या महिन्यात भरणा करतो" असे पुस्तकी वाक्य जपून उच्चारतो, आणि परप्रांतीय व्यापाऱ्याशी मोडक्या हिंदीत घासाघीस करतो. तांड्यावरचे बंजारा कुटुंब घरात गोरमाटी बोलेल, कोलाम आदिवासींच्या पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, कोलामी. त्यांच्या तोंडी सरसकट वऱ्हाडी घालणे हा आळस आहे.

स्त्री-पात्रांची मात्र सविस्तर चर्चा हवी. उद्धव शेळके यांनी १९६० मध्ये 'धग' लिहून कौतिकला कादंबरीच्या केंद्रस्थानी ठेवले, आणि त्यानंतर वऱ्हाडातल्या बाईला दुय्यम पात्र म्हणून लिहिण्याची सबब कोणालाच उरू नये. तरीही कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर कादंबरी संपते आणि बाईची गोष्ट सुरू व्हायच्या आत मुखपृष्ठ मिटते. वास्तविक तेथूनच तिचे निर्णय सुरू होतात. शासनाच्या नियमानुसार आत्महत्येचे प्रकरण 'पात्र' ठरले तर कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात, त्यांतले ३०,००० हाती आणि ७०,००० ठेवीच्या रूपाने. पात्र ठरण्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर असावी लागते, आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले असावे लागते. ज्याने गावातल्या बिनपरवाना माणसाकडून पैसे घेतले, त्याच्या बायकोने चौकशीला आलेल्या माणसांपुढे काय सांगायचे? खरे सांगितले तर मदत जाते, आणि तो सावकारही गावातच राहणार असतो. सातबारा सासऱ्याच्या नावावर, दीर वाटणी मागतो, शाळेत जाणारी दोन मुले, आणि समोर कागद. या बाईला फक्त रडवणारा लेखक मला समजत नाही. ती त्या क्षणी काय तोलते, कोणाला गप्प करते, कोणते खोटे निवडते, हे ज्याला लिहिता येईल त्याला मुख्य पात्र सापडले.

शेतकरी नायक हा कोणाचातरी मालकही असतो, हेही आपण सोयीस्करपणे विसरतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणारेही होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. औषध कोणते, किती मिसळायचे, दुपारच्या उन्हात पंप चालू ठेवायचा की नाही, हे ठरवणारा आपला सोशिक नायकच असू शकतो. त्याला निर्दोष ठेवण्यासाठी लेखकाने मजुराला कादंबरीतून वगळू नये, एवढेच म्हणतो.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. गावात राहून लिहिणाऱ्याला प्रत्येक घराची आतली गोष्ट माहीत असते, आणि ती जशीच्या तशी उचलण्याचा मोह मोठा असतो. नाव बदलले तरी माणूस गावात ओळखू येतोच. विशेषतः ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घराला कादंबरी ही दुसरी चौकशी ठरते. म्हणून मी व्यवहार खरे ठेवतो, भाव, व्याज, तारखा, कागद यांत तडजोड करत नाही, आणि माणसे मात्र अनेकांचे थोडे थोडे घेऊन नव्याने जोडतो.

आता एक विनंती. माझ्या कादंबरीतला नायक त्या २०२२-२३ च्या हंगामात कापूस घरात धरून बसला आहे आणि तो शेवटी कोणत्या कारणाने विकतो, हे मला अजून ठरवता आलेले नाही. देणेकऱ्याचा तगादा, पेरणीसाठी लागणारा पैसा, घरातली खाज, की शेजाऱ्याच्या दारात उभी राहिलेली व्यापाऱ्याची गाडी? आपल्या वाचकांपैकी ज्यांनी त्या वर्षी असा कापूस धरून ठेवला होता, त्यांनी तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दिवशीच्या कोणत्या गोष्टीमुळे विकला हे याच सदरात दोन ओळींत लिहिले, तर माझ्यासारख्या अनेकांचे काम सोपे होईल. नावे कळवू नयेत. भाव मात्र अवश्य कळवावा.

आपला विश्वासू,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ