मळक्या विमानांच्या बाजूने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी एका गृहस्थांनी अशी तक्रार केली होती की, संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमान उडवण्याच्या खेळात, हल्लीची मुले विमानांवर मुद्दाम काजळी, ओघळ आणि उडालेला रंग चितारतात, त्यामुळे आपल्या विमान कंपन्यांची नाहक बदनामी होते आणि मुलांचा वेळही वाया जातो. मी मुलगा नव्हे. उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन जाहिरातीच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालवलेला आणि गेली बारा वर्षे फावल्या वेळात नेमका हाच उद्योग करणारा माणूस आहे. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून चार शब्द लिहितो.

माझे घर घाटकोपरला आहे. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने चाके सोडून, फ्लॅप (पंखांच्या मागच्या फळ्या) पाडून आमच्या वस्तीवरून जातात. इतरांना विमान बाजूने दिसते, जाहिरातीतही ते बाजूनेच दाखवतात. आमच्या वाट्याला मात्र जन्मभर विमानांची पोटेच आली. विमानाचे पोट पांढरेशुभ्र नसते, हे त्यामुळे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. चाकांच्या खणांमागे काळपट पट्टे असतात, सांडपाण्याच्या नळीमागे पिवळट शेपूट असते, आणि मध्येच एखादा पत्रा शेजारच्या पत्र्यांपेक्षा उजळ दिसतो, कारण तो अलीकडेच बदललेला असतो.

तक्रारदारांचा मूळ गैरसमज असा की, मळ म्हणजे केवळ अस्वच्छता. उडत्या यंत्रावरचा प्रत्येक डाग कुठून तरी निघालेला असतो आणि कुठल्या तरी दिशेने गेलेला असतो. उड्डाणात झिरपलेले तेल हवेच्या झोताने मागे ओढले जाते, म्हणून त्याचा ओघळ आडवा, शेपटीकडे निमुळता होत जाणारा असतो. उभ्या विमानावरची धूळ पाऊस सरळ खाली आणतो, म्हणून तिचा ओघळ उभा असतो. एकाच पत्र्यावर दोन्ही दिसले, तर त्यांच्या प्रमाणावरून ते विमान किती उडते आणि किती उभे राहते याचा अदमास बांधता येतो. शेपटीच्या टोकाला जे छोटे इंजिन जमिनीवर असताना वीज आणि वातानुकूलनासाठी चालवतात, त्याच्या धुराड्याभोवती काजळी धरते. हायड्रॉलिक तेल मुळात जांभळट असते. ते रंग मऊ करून उचलते आणि धुळीत मिसळून तपकिरी पडते. नाकावरचा रंग पावसाच्या आणि गारांच्या माऱ्याने टोचल्यासारखा होतो. याउलट इंजिनाच्या तोंडाची कड बहुतेक विमानांवर रंगवलेलीच नसते, ती उघड्या धातूची आणि चकाकती असते. नवशिका तिलाही राखाडी रंग फासतो, आणि तिथेच त्याचे निरीक्षण उघडे पडते.

माझे स्वतःचे निरीक्षण असेच एकदा उघडे पडले. पहिले जम्बो, म्हणजे बोइंग ७४७, रंगवताना मी डावी बाजू तीन आठवडे खपून केली आणि मग आळसाने तीच उलटवून उजवीकडे चिकटवली. नोंदणीची अक्षरे तेवढी सरळ करून घेतली आणि आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या काकांना मोठ्या अभिमानाने पडद्यासमोर बसवले. त्यांनी मिनिटभर पाहिले आणि विचारले, “सामान कुठल्या अंगाने चढवता तुम्ही?” प्रवासी डाव्या बाजूने चढतात, त्यामुळे डावीकडच्या दारांभोवती एरोब्रिजच्या (विमानाच्या दाराला येऊन लागणाऱ्या पुलाच्या) तोंडावरचे कापड घासून पुसट पट्टा पडतो. सामानाची मोठी दारे पोटाशी, उजव्या अंगाला असतात आणि यंत्रांचे ओरखडे त्यांच्या चौकटीवर उठतात. माझ्या विमानात दोन्ही बाजूंनी प्रवासी चढत होते आणि सामान कुठूनच चढत नव्हते. ती उजवी बाजू मी पुसून पुन्हा केली, त्याला आणखी महिना गेला.

ज्यांनी हे काम कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शिंपी जसे कापड बेतून तुकडे पसरतो, तसे सिम्युलेटरमध्ये विमानाचे अंग सपाट चित्रांवर पसरलेले असते, आणि त्यातले एकेक चित्र ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे असू शकते. नाकापासून शेपटीपर्यंतची लाल रेघ दोन-तीन तुकड्यांवरून जात असेल, तर ती सांध्यावर तंतोतंत जुळावी लागते, जसे चौकडीच्या सदऱ्याचा खिसा शिवताना चौकडी जुळवतात. मूळ रंग, अक्षरे, पत्र्यांचे सांधे आणि मळ हे सगळे वेगवेगळ्या थरांवर ठेवायचे. शिवाय रंगाच्या चित्राच्या जोडीला, पृष्ठभाग कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत आणि कुठे धातूचा हे सांगणारे आणखी एक चित्र लागते. जुन्या रंगाची लकाकी गेलेली असते आणि नव्या ठिगळाची शाबूत असते, हे रंगाच्या छटेने दाखवता येत नाही. ते या दुसऱ्या चित्रातच दाखवावे लागते. पाहणाऱ्याला फरक कळतो, पण नेमका कशामुळे ते सांगता येत नाही.

एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’, १९७१ साली आले आणि त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोक्याची लाल महिरप होती. पुढची कित्येक वर्षे या महिरपी आमच्या डोक्यावरून गेल्या. त्या सिम्युलेटरसाठी रंगवायला घेतल्या तेव्हा मला वाटले, एक काढायची आणि ओळीने छापत जायची. पण एका जुन्या, जवळून घेतलेल्या फोटोत निरखून पाहिले तर एकाच ओळीत तीन लाल निघाले: दाराजवळच्या डागडुजीतला गडद आणि ओला वाटणारा, मधल्या खिडक्यांवरचा विटकरीकडे झुकलेला, आणि वरच्या कडेला, जिथे ऊन थेट पडते तिथे, गुलाबीसर झालेला. उंचावरच्या अतिनील किरणांपुढे लाल रंग फार टिकत नाही. त्या तीन लालांनी माझे अख्खे दोन रविवार खाल्ले आणि ते मला आजही वाया गेलेले वाटत नाहीत.

नवी विमाने या बाबतीत सुटलेली नाहीत. बोइंग ७८७ चे पंख कार्बन-तंतूंच्या संमिश्र पदार्थाचे आहेत आणि उन्हाने त्यांवरच्या रंगाचे पापुद्रे सुटतात. तिथे तात्पुरती डागडुजी म्हणून चंदेरी स्पीड टेप लावतात. खिडकीतून ती पाहून ‘पंख चिकटपट्टीने जोडलाय’ असे घाबरून घरी फोन करणारे प्रवासी मला ठाऊक आहेत. एका पंखावर मी ती टेप रंगवली, तेव्हा ते पाहणाऱ्यांकडून मलाही असेच दोन-तीन घाबरलेले निरोप आले.

एका बाबतीत मात्र मी तक्रारदारांच्या बाजूचा आहे. पुष्कळ जण तयार मिळणारे डागांचे ब्रश घेऊन विमानभर सारखाच मळ थापतात, पत्र्यांचे सांधे असे काळे कोरतात की विमान न वाटता न्हाणीघराच्या फरशा वाटाव्यात, आणि गेल्या आठवड्यात कारखान्यातून निघालेल्या विमानालाही वीस वर्षांची काजळी फासतात. हे वास्तव नव्हे, नटवणेच आहे, फक्त उलट दिशेचे. मी मळाचा थर दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवतो आणि मग खुर्ची मागे सरकवून पाहतो. विमानाआधी मळ दिसला तर आणखी उतरवतो.

म्हणूनच विमान रंगवताना माझा पहिला प्रश्न असतो तो तारखेचा. एअर इंडियाने १९८९ मध्ये लाल शेपटीवर सोनेरी चक्र असलेला, पांढऱ्यावर भर देणारा नवा वेष आणला, तो लोकांना रुचला नाही आणि जुना परत आला. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाल्यावर शेपटीवर कोणार्कचे चक्र ल्यालेला हंस आला. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा नवे रूप जाहीर झाले, तरी जुन्या रंगातली विमाने त्यानंतरही बराच काळ उडत राहिली. कंपन्यांकडे या प्रत्येक वेषाची छायाचित्रे असतात, पण ती रंगशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या विमानाची. तेच विमान अकराव्या वर्षी, दहा पावसाळे अंगावर घेऊन आणि दोन ठिगळे लावून कसे दिसत होते, याची नोंद कोणी ठेवत नाही. २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे एक ७४७-४०० मुंबईहून उडाले, पंख हलवून निरोप घेतला आणि मोडीत निघण्यासाठी अमेरिकेला गेले. त्याच्या अंगावर जे काही डाग होते ते त्याच्याबरोबर गेले. आता ते पाहायचे तर कोणाच्या तरी घरातल्या अल्बममध्ये.

त्या अल्बमांसाठीच हे पत्र आहे. घाटकोपर, कुर्ला, साकीनाका, विलेपार्ले, कालिना या भागांतल्या अनेक घरांत गच्चीवरून काढलेले विमानांचे फोटो असतील. मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे एखादे जम्बो आले असेल. ते नीट दिसत नाही म्हणून फेकू नयेत, विमान मधोमध यावे म्हणून कडा कापू नयेत आणि मागच्या बाजूला निदान वर्ष तरी लिहून ठेवावे. हँगरमध्ये काम केलेल्या मंडळींनी आपल्या सदरातून कोणता डाग कुठे आणि का पडत असे एवढे लिहिले, तरी माझ्यासारख्यांचे मोठे काम होईल. माझ्यापुरते सांगायचे तर ७४७-४०० च्या पोटाचा, मागच्या चाकांपासून शेपटीपर्यंतचा, २००० ते २००५ या काळातला एकही स्पष्ट फोटो मला अजून मिळालेला नाही, आणि तेवढा भाग मी सध्या कोरा ठेवला आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
घाटकोपर (पूर्व), मुंबई