घरोघरच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवताना

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी कोकणात घरोघरी साफसफाई निघते, माळ्यावरचे सामान खाली येते आणि त्यात बहुतेक घरांत कॅसेटींचा एखादा खोका असतोच. टेपरेकॉर्डर बंद पडून वर्षे लोटलेली असल्यामुळे हा खोका आता सर्रास भंगारवाल्याच्या टोपलीत जातो. बाजारातून विकत आणलेल्या चित्रपटगीतांच्या कॅसेटी गेल्या तर फारसे बिघडत नाही, कारण ती गाणी अन्यत्र मिळतात. परंतु त्याच खोक्यात हाताने नावे लिहिलेल्या, घरच्याच टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी असतात आणि त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. त्या टाकण्यापूर्वी घरच्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, आणि उतरवताना मूळ आवाजाला हात लावू नये, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या कॅसेटींवर काय असते, हे आधी सांगितले पाहिजे. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले असले तरी संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात आणि पहाटे प्रयोगाची सांगता करणाऱ्या दहिकाल्याबरोबर ते विरून जातात. त्यामुळे एखाद्या जत्रेतील प्रयोग कोणी मांडीवर टेप ठेवून भरून घेतला असेल, तर ती कॅसेट हीच त्या प्रयोगाची एकमेव संहिता होय. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, एका बुवांनी समोरच्या बुवांना गजरातून दिलेले उत्तर, शिमग्यात पालखीपुढे देवाला घातलेले गाऱ्हाणे, संगमेश्वर-गुहागरकडील नमन आणि जाखडी हे लोककलाप्रकार, लग्नघरातील हळदीची गाणी, या सर्वांची स्थिती हीच आहे. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या माणसांना घरून पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवण्याची रीतही रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या अनेक घरांत होती. त्या कॅसेटींवर आज हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत, आणि त्यांच्या बोलीतील कित्येक शब्द आता घरातसुद्धा ऐकू येत नाहीत.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी कॅसेट प्रथम आणली. तिच्यातील फीत पॉलिएस्टरची असते व तिच्यावर चुंबकीय कण एका चिकट द्रव्याने बसवलेले असतात. पॉलिएस्टर दीर्घकाळ टिकते. मात्र ते चिकट द्रव्य दमट हवेत हळूहळू कुजते आणि आपल्याकडील पावसाळ्याचे चार महिने त्याच्या मुळावर येतात. बाहेरच्या काचेतून फितीच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली, तर ती बुरशी समजावी आणि ती कॅसेट तशीच यंत्रात घालू नये, कारण तीच बुरशी हेडमार्फत, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणाऱ्या यंत्राच्या भागामार्फत, पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेटी वेगळ्या काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कोरड्या होऊ द्याव्यात आणि मग नाकावर मुखपट्टी बांधून, मोकळ्या हवेत, मऊ कापडाने साफ कराव्यात. पापड-कुरडयांप्रमाणे त्या अंगणातील उन्हात मात्र कधीही वाळत घालू नयेत. उष्णतेने कवच वाकते व फीत आक्रसते. कॅसेटीच्या तोंडाशी फितीमागे नमद्याचा एक बारीक तुकडा असतो. त्याचा डिंक सुटून तो पडला, की आवाज एकदम दबतो आणि लोक कॅसेट खराब झाली असे समजतात. वास्तविक कवचाचे पाच स्क्रू काढून फीत दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येते व आवाज पूर्ववत येतो.

उतरवण्यासाठी जुना पण चांगल्या स्थितीतील डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारे यंत्र, मिळवावा. संगणकाला थेट जोडता येणारी स्वस्त यंत्रे बाजारात आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेकांची मोटर हलकी असते आणि पेटीचा लांबवलेला सूर त्यांच्यावर थरथरतो. डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावे. कापसाच्या बोळ्यावर तपकिरी रंग येणे थांबेपर्यंत पुसावे. कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत व परत सुरुवातीपर्यंत फिरवून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बसलेली फीत मोकळी होते. कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन्ही टोकांस असलेल्या प्लास्टिकच्या लहान पट्ट्या मोडून टाकाव्यात. त्या मोडल्यावर चुकीचे बटण दाबले गेले तरी जुन्या आवाजावर नवे काही भरले जात नाही. हेडच्या बाजूला एक लहानसा स्क्रू असतो. तो किंचित फिरवला असता झांज आणि "स", "श" ही अक्षरे कधी स्पष्ट, कधी बोथट ऐकू येतात, कारण ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचे हेड आणि आपले हेड एका कोनात असतेच असे नाही. प्रत्येक कॅसेटीसाठी हा कोन कानाने जुळवण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि येथे सुटलेली स्पष्टता पुढे संगणकावर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. सामान्यतः लोक हीच पायरी गाळतात, म्हणून तिच्यावर एवढा भर देत आहे.

डेकच्या मागील लाइन-आउट, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या छिद्रापासून, संगणकाच्या लाइन-इन, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या छिद्रात, वायर जोडावी. मेजावरील संगणकात ते फिकट निळ्या रंगाचे छिद्र असते; शेजारचे गुलाबी छिद्र माइकचे असून त्यात डेकचा आवाज दिल्यास तो फाटतो. लॅपटॉपला बहुधा लाइन-इन नसते, तेव्हा लाइन-इन असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे व विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. घरगुती कामाला ते पुरेसे आहे. भरताना आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या ठिकाणीही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. पातळी कमी राहिली तर नंतर वाढवता येते, पण शून्याला टेकून फाटलेला आवाज शिवता येत नाही. फाइल डब्ल्यूएव्ही या आवाजातील काही न गाळणाऱ्या स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवावी. साठ मिनिटांच्या कॅसेटीला दोन्ही बाजू मिळून सुमारे एक जीबी जागा लागते, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा नऊशेहून अधिक कॅसेटी मावतात. जागा वाचवण्यासाठी आरंभीच एमपीथ्री करण्याचे आज काहीही कारण उरलेले नाही. विजेची गुणगुण येत असेल, तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहावा. पुष्कळदा ती तेथेच थांबते. कॅसेट घाईने उतरवता येत नाही. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो, आणि तो तास शेजारी बसून ऐकण्यात घालवावा हे उत्तम, कारण कोण गात आहे, मागे कोण हाक मारत आहे, हे सांगणारी वडीलधारी माणसे त्याच वेळी जवळ असली तर पुढे शोध घ्यावा लागत नाही.

आता संपादनाविषयी, कारण माझ्या मते खरी हानी तेथेच होते. माझ्या परिचयाच्या एका भजन मंडळाने आपल्या कॅसेटी तालुक्याच्या गावी एका दुकानात उतरवण्यास दिल्या. परत मिळालेला पेन ड्राइव्ह लावून पाहिला, तेव्हा खरखर नाहीशी झालेली होती, पण तिच्याबरोबर झांजेचा झणत्कार आणि पखवाजाच्या थापेनंतरची आसही गेली होती. बुवांचा आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ लागत होता. दोन कडव्यांमधील श्रोत्यांची दाद "निरुपयोगी" म्हणून कापून टाकलेली होती. मूळ उतरवलेली फाइल दुकानदाराने ठेवली नव्हती, आणि कॅसेटी मंडळाने तोवर टाकून दिल्या होत्या.

हे घडू नये म्हणून नियम एकच आहे. कॅसेटीवरून जशी उतरली तशी फाइल बाजूला ठेवावी, तिच्यावर एकही उपाय करू नये, आणि जे काही संपादन करायचे ते तिच्या प्रतीवर करावे. ऑडॅसिटीत खरखर कमी करताना आधी केवळ खरखर असलेला एक तुकडा निवडून तिचा नमुना घ्यावा लागतो आणि मग तो नमुना सर्व ध्वनिमुद्रणाला लावला जातो. त्याच चौकटीत "रेसिड्यू" नावाचा पर्याय आहे. तो निवडून ऐकल्यास काय राहणार याऐवजी काय काढले जाणार हे ऐकू येते. त्यात शब्दांचे तुकडे किंवा झांज ऐकू येऊ लागली, तर उपाय जास्त झाला असे समजून मागे यावे. पाच-सहा डेसिबलची घट कानाला पुरेशी विश्रांती देते. थोडी सरसर शिल्लक राहिली म्हणून कोणाचे ऐकणे अडत नाही.

गाऱ्हाण्याचे ध्वनिमुद्रण हाताळताना तर अधिकच जपावे लागते. गाऱ्हाणे घालणारा टेपजवळ असतो, परंतु "होय महाराजा" म्हणणारी माणसे मांडवभर पसरलेली असतात आणि त्यांचा आवाज खरखरीपेक्षा फारसा मोठा नसतो. ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारे साधन येथे लावले, तर एकट्या माणसाचे बोलणे उरते आणि गाव गाळला जातो. शांततेच्या जागा आपोआप आखूड करण्याचे जे साधन आहे, तेही येथे वापरू नये. गाऱ्हाण्यातील थांबे हा त्याच्या लयीचा भाग आहे.

आणखी एक गोष्ट रात्रभर चालणाऱ्या दशावताराच्या कॅसेटींत हमखास आढळते. टेप बॅटरीच्या सेलवर चालत असे. मध्यरात्रीनंतर सेल उतरू लागले की भरतानाची फीत मंद धावे आणि आज ती नेहमीच्या गतीने वाजवली की राजा आणि राक्षस दोघेही बारीक, घाईच्या आवाजात बोलू लागतात. अशा ठिकाणी केवळ सूर बदलणारे साधन न वापरता गती व सूर एकत्र बदलणारे साधन वापरावे. नाटकाच्या आरंभी पेटी कोणत्या पट्टीत लागली आहे ते पाहून उत्तररात्रीचा भाग त्या पट्टीपर्यंत खाली आणावा. सेल एकदम उतरत नसल्यामुळे हे काम लहान लहान टप्प्यांत करावे लागते. ते वेळखाऊ आहे, पण अखेरच्या युद्धप्रसंगातील पल्लेदार भाषण पुन्हा मूळ भारदस्त आवाजात ऐकू येते, तेव्हा त्या वेळेचे सार्थक होते.

२००० नंतरच्या खिशात मावणाऱ्या डिजिटल रेकॉर्डरमधील ध्वनिमुद्रणांनाही धोका कमी नाही. त्यांतील काहींच्या फाइली डीएसएस किंवा डीव्हीएफ अशा त्या त्या कंपनीच्या खास स्वरूपात असतात आणि नव्या संगणकावर सहजी उघडत नाहीत. रेकॉर्डर अद्याप चालू आहे तोवर त्या डब्ल्यूएव्हीमध्ये बदलून घ्याव्यात. कोणाकडे मिनीडिस्क असेल, तर तीही कॅसेटीप्रमाणेच वायरने वाजवून उतरवता येते.

फाइलीला "ट्रॅक १" असे नाव देऊन ठेवणे म्हणजे ती हरवण्याची तयारी करणे होय. वर्ष, गाव, प्रकार आणि गाणाऱ्याचे नाव या क्रमाने नाव द्यावे. कॅसेटीच्या पुठ्ठ्यावरील हस्ताक्षराचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. एक प्रत घरात, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक मुंबई-पुण्यातील नातेवाइकांकडे असावी. निसर्ग चक्रीवादळ (२०२०) आणि चिपळूणचा महापूर (२०२१) पाहिलेल्या आपल्या भागात सर्व प्रती एकाच घरात ठेवणे शहाणपणाचे नाही. टेपसमोर मोबाइल धरून भरलेला व्हॉइस मेसेज गटावर पाठवण्यास ठीक आहे, परंतु त्याला प्रत म्हणता येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असेल, तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

उतरवलेले सर्व काही लगेच यूट्यूबवर टाकण्याची घाईही करू नये. आपल्या कायद्यानुसार कलावंताचा आपल्या सादरीकरणावरील हक्क ५० वर्षे टिकतो, त्यामुळे बुवा किंवा त्यांच्या घरच्यांना विचारणे आवश्यक आहे. गाऱ्हाण्यासारख्या गोष्टींत कायद्याच्याही आधी मानकऱ्यांची संमती घ्यावी, असे मला वाटते. घरगुती कॅसेट-पत्रांत तर खासगी गोष्टी असतात आणि त्या घरातच राहाव्यात.

हे सर्व प्रत्येक घराला जमेल असे नाही, याची मला जाणीव आहे. चांगला डेक आता दुर्मीळ झाला आहे आणि त्याचा पट्टा व रोलर बदलून देणारे कारागीरही थोडे उरले आहेत. म्हणून कोकणातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना माझी सूचना आहे, की त्यांनी देणगीदारांच्या साहाय्याने निदान तालुक्यातील एका ग्रंथालयात दुरुस्त केलेला डेक, लाइन-इन असलेले साउंड कार्ड आणि एक साधा संगणक यांची सोय करावी, ज्यांना हे काम येते त्यांनी आठवड्यातून एखादी दुपार तेथे द्यावी, आणि ज्या घरांची संमती असेल त्यांच्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत ग्रंथालयात नोंद करून ठेवावी. अनेक ग्रंथालयांत संगणक आधीच आहे. उणीव डेकची आणि तो चालवणाऱ्या माणसांची आहे. असा डेक कोणाच्या घरी विनावापर पडून असेल, तर तो गणपतीपूर्वी जवळच्या ग्रंथालयाकडे द्यावा, म्हणजे सणाला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना आपल्या कॅसेटी सोबत आणून तेथेच उतरवून घेता येतील.

आपला विश्वासू,
एक वाचक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग