टेरिटोरियल आर्मीच्या जवानांना ट्रेनिंग पुरतं का?

संपादक साहेब,

मे २०२५ मध्ये केंद्राने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मी, म्हणजे शेती-नोकरी सांभाळून लष्करात सेवा देणाऱ्यांचं दल, बोलावायचे अधिकार दिले आणि ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन तैनात करायला मंजुरी दिली, तेव्हा व्हॉट्सअॅपवर जो तो धोनीचे युनिफॉर्ममधले फोटो फिरवत होता. तो या दलात मानद लेफ्टनंट कर्नल, ठीक आहे. पण आमच्या कोल्हापूरच्या १०९ मराठा बटालियनसारख्या युनिटमधल्या साध्या जवानाचं काय, त्याला कोण विचारतं?

वर्षाला साधारण दोन महिन्यांचा कॅम्प, बाकी वेळ शेती नाहीतर नोकरी. रेल्वे, पूल, डेपो सांभाळायला एवढं चालून जाईल कदाचित. पण काश्मीरमध्ये घुसखोरीविरोधी ड्युटीवर पाठवायचं तर रात्रीची गस्त, नाकाबंदी, आयईडी (पेरून ठेवलेली स्फोटकं) ओळखणं हे सगळं हातात बसायला लागतं, ते दोन महिन्यांत बसत नाही हो. जे वर्षानुवर्षं सलग ड्युटीवर आहेत ते तयार असतात, मान्य, प्रश्न नव्याने बोलावलेल्यांचा आहे. भरतीला मात्र हीच पोरं आदल्या रात्री फुटपाथवर चादर टाकून झोपतात, त्यांच्या जिगरीवर शंका नाहीच.

माझं म्हणणं एवढंच, ड्युटी बघून ट्रेनिंग ठरवा, आणि सीमेवर पाठवायच्या आधी रेग्युलर युनिटबरोबर निदान तीन महिने काढू द्या. परत आल्यावर नोकरीवर घ्यायचं बंधन टेरिटोरियल आर्मीच्या १९४८ च्या कायद्यात आहेच, तरी खासगी मालक कटकट करतात, तिकडेही जरा बघा.

एक वाचक, कोल्हापूर