एकेक तपासून भागत नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.
मुलीच्या बीएस्सीच्या एका गाईडमध्ये छापलंय की दोन चलांचं फंक्शन एकेका चलात संतत (म्हणजे मध्येच उडी न मारणारं) असलं की झालं, एकूणही संततच! हे साफ चूक आहे हो, १८२१ मध्ये कोशीसारख्या मोठ्या गणितज्ञाचीही इथंच चूक झाली होती. दोन संख्यांचा गुणाकार भागिले त्यांच्या वर्गांची बेरीज असं फंक्शन घ्या, शून्य-शून्यला किंमत शून्य धरा, अक्षांवरून आलात तर सगळीकडे शून्यच, पण दोन्ही ०.०१ घेतले की ०.०००१ भागिले ०.०००२, म्हणजे सरळ अर्धा, आणि दोन्ही सारखे ठेवून शून्याच्या कितीही जवळ गेलात तरी अर्धाच, शून्य नाही, म्हणजे तिथं फंक्शन संतत नाहीच. गणितातल्या ग्रुपमध्ये (गुणाकार आणि त्याची उलट क्रिया करता येते अशा संचात) मात्र कमाल होते, तो लोकली कॉम्पॅक्ट हाउसडॉर्फ (बिंदूंच्या जवळपणाबद्दलची एक अट पाळणारा) असला तर गुणाकार एकेका बाजूने संतत असणंच पुरतं, हे एलिस या गणितज्ञाने १९५७ मध्ये सिद्ध केलं. पण ती अट आहे म्हणून! गाईडवाल्यांनी पुढच्या आवृत्तीत कृपया दुरुस्ती करावी.
– एक पालक, पुणे